चालत्या क्लस्टरमध्ये नोड जोडताना आणि काढताना

क्लस्टर म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या, पण बाहेरून पाहणाऱ्याला एकच वाटणाऱ्या सर्व्हरचा समूह. त्यातला प्रत्येक सर्व्हर हा एक नोड. समूहाचे आयुष्य त्यातल्या कुठल्याही नोडपेक्षा मोठे असते. डिस्क झिजतात, ऑपरेटिंग सिस्टीम जुनी होते, यंत्राची वॉरंटी संपते, सणासुदीला ग्राहक वाढतात आणि नंतर ओसरतात. म्हणून नोड येत-जात राहतात, आणि हे येणे-जाणे सेवा चालू असतानाच उरकावे लागते. पूर्वी यासाठी रविवारची मध्यरात्र राखून ठेवलेली असे. देखभालीसाठी सेवा बंद राहील अशी पाटी लावली की काम भागे. ती सवलत आता राहिलेली नाही. भारतात बँकांची एनईएफटी सेवा डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास सुरू झाली. ज्या यंत्रणांवर या सेवा चालतात, त्यांच्यासाठी निवांत मध्यरात्र उरलीच नाही.

नोडची भर किंवा घट ही वरवर पाहता एका आदेशाची गोष्ट आहे, आणि बहुतेक प्रणालींत तो आदेश एका ओळीत मावतोही. पण त्या ओळीमागे तीन वेगळ्या गोष्टी हलत असतात. एक सभासदत्व, म्हणजे समूहात कोण आहे आणि कोणाचे मत मोजायचे याची यादी. दुसरी गोष्ट डेटा, कोणती नोंद कोणाकडे राहते ती व्यवस्था. तिसरी ट्रॅफिक, म्हणजे ग्राहकांच्या विनंत्या कोणाकडे वळतात ते. येणाऱ्या नोडचे नाव आधी यादीत लागते, मग त्याच्याकडे डेटा येतो आणि सगळ्यात शेवटी ट्रॅफिक. जाणाऱ्याचे अगदी उलट: आधी ट्रॅफिक थांबते, मग डेटा दुसऱ्यांच्या हवाली होतो आणि नाव अखेरीस कटते. या क्षेत्रातल्या अडचणींचा मोठा भाग या क्रमात घाई झाल्याने उद्भवतो, किंवा एक गोष्ट हलली म्हणजे उरलेल्या दोन आपोआप हलल्या असे गृहीत धरल्याने.

सर्वांत सोपी स्थिती स्वतःजवळ काहीच न ठेवणाऱ्या नोडची. वेब सर्व्हर विनंती घेतो, उत्तर देतो आणि विसरतो; डेटा मागच्या डेटाबेसात असतो. समोर विनंत्या वाटून देणारा लोड बॅलन्सर असतो. त्याच्या यादीत नव्या नोडचे नाव घातले की काम संपते, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात नवा सर्व्हर थंड असतो. त्याची कॅशे रिकामी असते, डेटाबेसची कनेक्शन उघडायची बाकी असतात, आणि प्रोग्राम जावामध्ये असेल तर त्याचे वारंवार लागणारे भाग अजून यंत्रभाषेत उतरलेले नसतात. ज्याच्याकडे सर्वांत कमी कनेक्शन त्याला पुढची विनंती, असा लोड बॅलन्सरचा नियम असेल, तर शून्य कनेक्शन असलेला हा नवखाच त्याला सर्वांत मोकळा दिसतो आणि येणारी प्रत्येक विनंती त्याच्याच गळ्यात पडते. तो गुदमरतो, हेल्थ चेकला उत्तर देत नाही, यादीतून बाहेर फेकला जातो, सावरून परत येतो आणि पुन्हा तेच घडते. एचएप्रॉक्सी या लोड बॅलन्सरमध्ये स्लोस्टार्ट नावाची सोय आहे ती याचसाठी. तिच्यामुळे नव्याचा वाटा ठरावीक वेळात हळूहळू वाढत जातो.

काढताना नव्या विनंत्या बंद करायच्या आणि हातातल्या पुऱ्या होऊ द्यायच्या. याला ड्रेन करणे म्हणतात. कुबरनेटीसमध्ये नोड आधी कॉर्डन करता येतो, म्हणजे त्यावर नवे पॉड (प्रोग्रामच्या चालत्या प्रती) येत नाहीत. ड्रेनचा आदेश दिला की असलेले पॉड बाहेर काढले जातात. प्रत्येक पॉडला सिगटर्म हा थांबण्याचा निरोप जातो आणि डीफॉल्टने ३० सेकंदांची मुदत मिळते. तेवढ्यात आवरले नाही तर सिगकिल, म्हणजे सक्तीने बंद. ज्या प्रोग्राममध्ये सिगटर्म ऐकण्याची तजवीजच केलेली नाही, त्याच्या बाबतीत ही सगळी सभ्यता वाया जाते. दुसरे टोकही आहे. सेवेची किमान एक प्रत चालू असलीच पाहिजे असे पॉड डिसरप्शन बजेट लिहून ठेवलेले असते आणि प्रत मुळात एकच असते. मग ड्रेन पुरे होतच नाही आणि आदेश देणारा स्क्रीनकडे बघत बसतो. यात कुबरनेटीसचे काहीच चुकत नाही. सांगितलेले ते शब्दशः पाळत असते.

शास्त्रीय गणनेच्या क्लस्टरमध्ये अशी वाट सेकंदांची नसते, कधी कधी दिवसांची असते. पुण्याच्या आयसरमधील परम ब्रह्म या महासंगणकावर कामांचे वाटप स्लर्म करते. स्लर्ममध्ये नोड ड्रेन अवस्थेत टाकला की चालू काम शेवटपर्यंत चालते, नवे मिळत नाही. आणि नोड का काढला याचे कारण लिहिल्याशिवाय आदेश स्वीकारला जात नाही. ही छोटीशी सक्ती इतर प्रणालींनीही उचलावी अशी आहे. सहा महिन्यांनी एखादा नोड बाजूला पडलेला दिसतो आणि तो का काढला हे कोणालाच आठवत नाही, हा अनुभव दुर्मीळ नाही.

डेटा सांभाळणाऱ्या नोडपाशी खरा गुंता सुरू होतो. समजा चार नोड आहेत. कोणती नोंद कोणाकडे हे ठरवायला तिच्या किल्लीचा हॅश काढला, त्याला चाराने भागले आणि बाकी पाहिली. पाचवा नोड आला की भाजक पाच होतो आणि सुमारे ८० टक्के नोंदींचा पत्ता बदलतो. नव्या नोडच्या वाट्याला यायला हव्यात २० टक्के. उरलेल्या ६० टक्के जुन्या नोडमध्येच विनाकारण इकडच्या तिकडे जातात. यावरचा तोडगा १९९७ मध्ये एमआयटीतील डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लुविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. त्याचे नाव कन्सिस्टंट हॅशिंग. किल्ल्या आणि नोड दोन्ही एकाच कल्पित वर्तुळावर बसवायचे आणि किल्लीपासून पुढे जाताना जो पहिला नोड भेटेल तो तिचा मालक मानायचा. नवा नोड वर्तुळावर बसला की फक्त आपल्या शेजाऱ्याच्या हद्दीतला तुकडा घेतो. बाकीच्यांना धक्काही लागत नाही. लेटन आणि लुविन यांनी पुढच्याच वर्षी अकामाई ही कंपनी काढली. २००७ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या डायनॅमोवरील शोधलेखाने हीच कल्पना डेटा साठवण्याच्या कामी लावून दाखवली. त्या लेखाचे एक सहलेखक अविनाश लक्ष्मण यांनी नंतर फेसबुकमध्ये प्रशांत मलिक यांच्यासोबत कॅसँड्रा हा डेटाबेस घडवला.

वर्तुळावर प्रत्येक नोडचा एकच बिंदू असेल तर भर पडल्यावर एकाच शेजाऱ्याचा भार हलका होतो. म्हणून एका यंत्राला वर्तुळावर अनेक जागा देण्याची पद्धत आली. या जागांना व्हीनोड म्हणतात. कॅसँड्राच्या १.२ आवृत्तीत प्रत्येक यंत्रामागे अशा २५६ जागा सुचवल्या गेल्या. २०२१ च्या ४.० आवृत्तीत हा आकडा १६ वर आणला गेला. उलट्या पावलाचे कारण शिकण्यासारखे आहे. प्रत्येक नोंदीच्या प्रती एकाहून अधिक यंत्रांवर ठेवलेल्या असतात. जागा जितक्या जास्त, तितके प्रत्येक यंत्राचे इतर यंत्रांशी लागेबांधे जास्त. मग कुठलीही दोन यंत्रे एकाच वेळी बंद पडली तरी कोणाचा ना कोणाचा डेटा अडतोच. वाटप समसमान करण्याच्या नादात बिघाडाची झळ सगळीकडे पसरत होती.

कॅसँड्रात नोड सामील होताना काय चालले आहे ते नोडटूल स्टेटस या आदेशाच्या पहिल्या स्तंभात दोन अक्षरांत दिसते. ‘यूजे’ म्हणजे यंत्र चालू आहे आणि सामील होत आहे. या काळात जुने नोड त्याच्याकडे डेटा पाठवत असतात. त्याच्या होऊ घातलेल्या हद्दीतल्या नव्या नोंदी त्यालाही लिहायला दिल्या जातात, पण वाचनासाठी त्याला कोणी विचारत नाही. अर्धवट माहितीवर उत्तर देणारा नोड हा उत्तर न देणाऱ्या नोडपेक्षा वाईट. डेटा पुरा पोचला की ‘यूजे’चे ‘यूएन’ होते आणि नोड पूर्ण सभासद बनतो. येथे अनेकांचे एक काम राहून जाते. हस्तांतर झालेला डेटा जुन्या नोडच्या डिस्कवर तसाच पडून असतो. क्लीनअपचा आदेश वेगळा द्यावा लागतो. डिस्क भरत आली म्हणून घाईने नवा नोड आणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जुन्या डिस्क तितक्याच भरलेल्या दिसतात, ते यामुळे.

निघताना कॅसँड्रा तीन वाटा देते आणि त्यांत मोठा फरक आहे. नोड जिवंत असेल तर डीकमिशन: तो ‘यूएल’ अवस्थेत जातो, स्वतःचा डेटा नव्या मालकांना पोचवतो आणि मग बाजूला होतो. नोड मेलेला असेल तर रिमूव्हनोड: त्याच्याकडून काहीच मिळणार नसल्याने उरलेल्या प्रतींवरून डेटा पुन्हा उभा केला जातो. तिसरी वाट असॅसिनेट. ती डेटाची काहीही व्यवस्था न लावता नाव तेवढे पुसते आणि पहिल्या दोन्ही वाटा बंद झाल्यावरच वापरायची असते. मेलेला नोड बऱ्याच दिवसांनी दुरुस्त होऊन परत येणे हाही एक धोका आहे. कॅसँड्रात पुसलेल्या नोंदीच्या जागी टूम्बस्टोन नावाची खूण राहते आणि डीफॉल्टने १० दिवसांनंतर ती खूणही साफ होऊ शकते. त्यानंतर उगवलेल्या जुन्या नोडकडे ती नोंद असते, पण पुसल्याचा पुरावा आता कोणाकडेच नसतो. मग पुसलेले ग्राहक, रद्द केलेल्या ऑर्डरी पुन्हा जिवंत होतात. इतके दिवस बाहेर राहिलेले यंत्र डिस्क पुसून, नवे म्हणूनच आत घ्यावे.

सगळ्याच प्रणाली डेटा आपणहून हलवत नाहीत. रेडिस क्लस्टरमध्ये किल्ल्यांची १६,३८४ स्लॉटांत विभागणी असते. नवा नोड जोडला की तो सभासद होतो, पण त्याच्याकडे एकही स्लॉट नसतो. स्लॉट सरकवण्याचे काम वेगळे करावे लागते आणि काढतानाही आधी सगळे स्लॉट रिकामे करावे लागतात. सरकवासरकव चालू असताना विचारणाऱ्याला ‘मूव्ह्ड’ किंवा ‘आस्क’ असे उत्तर मिळते. पहिल्याचा अर्थ पत्ता कायमचा बदलला, दुसऱ्याचा अर्थ एवढ्या वेळेपुरते तिकडे विचारा. काफ्कामध्येही नवा ब्रोकर, म्हणजे तिथला नोड, आधीपासून असलेल्या पार्टिशनपैकी (डेटाच्या तुकड्यांपैकी) एकही आपणहून उचलत नाही. वाटप बदलून देईपर्यंत जुना भार जुन्यांवरच राहतो.

आता सभासदांच्या यादीकडे. ज्या क्लस्टरमध्ये निर्णय बहुमताने होतात, तिथे ही यादीच सर्वांत नाजूक असते. कुबरनेटीस आपली सगळी नोंद ज्यात ठेवते तो एटसीडी हा डेटाबेस अशांपैकी आहे. तो राफ्ट या पद्धतीवर चालतो, जिच्यात सभासद बहुमताने एक नेता निवडतात. स्टॅनफर्डमधील डिएगो ओंगारो आणि जॉन औस्टरहाउट यांचा तिच्यावरील शोधलेख २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन सभासदांत दोघांचे एकमत लागते, चौघांत तिघांचे, पाचांत तिघांचे. हा कोरम झाला नाही तर लिहिणे थांबते. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत गणपूर्ती झाली नाही तर सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि मग हजर असतील तेवढ्यांत चालते. राफ्टमध्ये ही पळवाट नाही आणि नसणेच योग्य, कारण तहकूब सभा दोन खोल्यांत वेगवेगळी भरली तर दोन्हीकडे परस्परविरोधी ठराव होतील.

यादी बदलताना नेमकी हीच भीती असते. अ, ब, क असे तीन सभासद आहेत आणि ड व ई यांना एकदम आत घ्यायचे आहे असे समजू. यादी सगळ्यांकडे एकाच क्षणी बदलत नाही. क ला, आणि नव्या ड व ई ला पाचांची यादी मिळाली आहे. अ आणि ब अजून तिघांच्याच यादीवर आहेत. अ आणि ब यांच्या दृष्टीने तीनपैकी दोन, म्हणजे बहुमत झाले. क, ड आणि ई यांच्या दृष्टीने पाचपैकी तीन, तेही बहुमतच. दोन्ही गट आपापला नेता निवडतात आणि दोन्ही नियमाने बरोबर असतात. राफ्टने यावर दोन उपाय दिले. एकात संक्रमणाच्या काळात प्रत्येक निर्णयाला जुन्या आणि नव्या अशा दोन्ही याद्यांतले बहुमत लागते. दुसऱ्यात एका वेळी एकच सभासद जोडायचा किंवा काढायचा. तसे केले की जुने आणि नवे बहुमत यांत निदान एक सभासद समान राहतोच. दुसरा उपाय इतका सरळ दिसतो की त्यात काही चुकेल असे वाटत नाही. तरीही २०१५ मध्ये त्यातली एक फट खुद्द ओंगारो यांनी जाहीर केली: नव्या नेत्याने आपल्या कारकिर्दीतली निदान एक नोंद पक्की केल्याशिवाय यादीला हात लावू नये, ही अट त्यात राहून गेली होती.

व्यवहारात यापेक्षा साधी चूक जास्त घडते. तीनपैकी एक सभासद मेला आहे. राहिलेल्या दोघांवर काम चालू आहे, कोरम आहे. आधी नवा जोडू आणि मग मेलेला काढू, असे शहाणपणाचे वाटणारे पाऊल उचलले जाते. नवा जोडताच यादी चार जणांची झाली आणि कोरम तीन. जिवंत मात्र दोनच. नव्याच्या पत्त्यात एक अंक चुकला असेल तर तो कधीच येणार नाही, आणि आता मेलेल्याला काढण्यासाठी लागणारे बहुमतही उरले नाही. आगीतून फुफाट्यात. म्हणून बदली करताना मेलेला आधी काढायचा आणि नवा नंतर घ्यायचा, असे एटसीडीचे स्वतःचेच मार्गदर्शन आहे. २०१९ च्या ३.४ आवृत्तीपासून लर्नर नावाचा मताधिकार नसलेला सभासदही घेता येतो. तो आधी सगळा डेटा गोळा करतो आणि बरोबरीला आल्यावरच त्याला मत मिळते. सभासद कुठे बसवायचे हाही याच हिशेबाचा भाग आहे. अ‍ॅमेझॉनचे मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यात दोनच झोन, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले भाग, होते. तीन सभासद दोन झोनांत कसेही बसवले तरी एका झोनात दोघे येतात आणि तो झोन गेला की कोरम जातो. तिसरा झोन नंतर आला आणि मगच ही अडचण सुटली.

नोड मेला हे ठरवायचे कसे, हा प्रश्न या सगळ्यांच्या मुळाशी आहे. हार्टबीट, म्हणजे ‘मी चालू आहे’ असा ठरावीक वेळाने येणारा निरोप, आला नाही म्हणजे यंत्र बंद पडले, की नेटवर्क तुटले, की ते नुसतेच रेंगाळले आहे, हे पलीकडून कळण्याचा मार्ग नाही. घाईने काढले तर डेटाच्या प्रती पुन्हा तयार करण्याचा खर्च डोक्यावर बसतो. २ टेराबाइट डेटा सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने हलवायला साडेपाच तास लागतात, आणि तेवढा वेळ नेटवर्क व डिस्क ग्राहकांच्या वाट्यातून जातात. म्हणून हडूपची एचडीएफएस दर ३ सेकंदांनी हार्टबीट घेत असली तरी नोड मेल्याचे जाहीर करायला डीफॉल्टने साडेदहा मिनिटे थांबते. इलास्टिकसर्च गेलेल्या नोडच्या प्रती पुन्हा तयार करायला डीफॉल्टने एक मिनिट थांबते, आणि ते यंत्र रीस्टार्ट करायला अनेकदा पुरत नाही. देखभालीपूर्वी ही मुदत वाढवून ठेवणे बरे. काढण्याआधी जागेचा हिशेबही करावा लागतो. पाच नोड ८० टक्के भरलेले असतील आणि एक काढला तर उरलेले चार काठोकाठ भरतात.

या विषयातले दोन सर्वांत बोलके प्रसंग अ‍ॅमेझॉनने स्वतः प्रसिद्ध केलेल्या अहवालांत वाचायला मिळतात. दोन्ही उत्तर व्हर्जिनियातले, एक घटीचा आणि एक भरीचा. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एस-थ्री या साठवण सेवेच्या बिलिंगचा वेग मंदावला होता आणि त्याचा तपास चालू होता. ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणे थोडे सर्व्हर बाजूला काढण्याचा आदेश देताना एक मूल्य चुकीचे टाइप झाले आणि हवे होते त्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. त्यांत कोणती वस्तू कुठे ठेवली आहे याची सूची सांभाळणारी उपप्रणालीही सापडली आणि ती पूर्णपणे रीस्टार्ट करावी लागली. मोठ्या रीजनांमध्ये असा पूर्ण रीस्टार्ट कित्येक वर्षांत झालेला नव्हता. मधल्या काळात साठा प्रचंड वाढला होता, त्यामुळे अपेक्षेपेक्षा खूप जास्त वेळ लागला. सेवा चालू आहे की बंद हे सांगणारा फलकच एस-थ्रीवर विसंबून होता, त्यामुळे तोही काही तास अद्ययावत करता आला नाही. नंतर आदेशाच्या साधनात दोन बदल झाले: सर्व्हर सावकाश काढले जातील, आणि कोणतीही उपप्रणाली किमान क्षमतेच्या खाली जात असेल तर आदेश नाकारला जाईल.

२५ नोव्हेंबर २०२० रोजी किनेसिस या सेवेच्या पुढच्या फळीत थोडी क्षमता वाढवली गेली. चूक टाइप करण्याची नव्हती, काढण्याचीही नव्हती. त्या फळीतला प्रत्येक सर्व्हर फळीतल्या इतर प्रत्येक सर्व्हरसाठी एक थ्रेड उघडत असे. नवे सर्व्हर आल्यावर जुन्या-नव्या सगळ्यांचेच थ्रेड वाढले आणि सगळ्यांनी एकदमच ऑपरेटिंग सिस्टीमची मर्यादा ओलांडली. नवे काढून टाकले तरी जुने आपोआप सावरले नाहीत. फळी थोडी थोडी करून पुन्हा सुरू करावी लागली आणि त्यात दिवस गेला. क्लस्टरमध्ये नोडची भर ही नेहमी मदतच असते, या समजुतीला याहून सडेतोड उत्तर नाही. नोड वाढतात त्या प्रमाणात काम विभागले जाते, पण एकमेकांशी बोलण्याचा खर्च त्याहून वेगाने वाढू शकतो.

आपोआप वाढणाऱ्या-घटणाऱ्या क्लस्टरमध्ये हे सगळे माणसाच्या नजरेशिवाय घडते. तिथे भर चटकन आणि घट सावकाश हा संकेत रूढ आहे. कुबरनेटीसचा ऑटोस्केलर पॉडची संख्या कमी करण्यापूर्वी डीफॉल्टने पाच मिनिटांतला सर्वांत जास्त अंदाज धरून चालतो. डेटा ठेवणारे नोड मात्र अशा यंत्रणेच्या हाती बेताबेतानेच द्यावेत.

हा विषय नुसता वाचून अंगी लागत नाही. वाचकाने एखाद्या लॅपटॉपवर एटसीडीचा एकच सभासद चालू करावा, दुसरा जोडण्याचा आदेश द्यावा आणि दुसरा मुद्दाम सुरूच करू नये. कोरम एकावरून दोनावर गेलेला असतो. काही क्षणांत लिहिणे बंद पडते आणि दिलेला आदेश मागेही घेता येत नाही. त्यातून बाहेर कसे पडायचे ते तिथेच, कोणाचे नुकसान होत नसताना, शोधून काढावे.